पाळी ठरल्यावर गरज बदलली तर?

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरचा फाटा लागतो ते गाव घोडेगाव. नेवासे तालुक्याबाहेरच्या माणसाला हे गाव शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या लिलावांमुळे माहीत असतं. इथल्या लोकांच्या डोक्यात मात्र वर्षभर तिसरीच गोष्ट असते, ती म्हणजे मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं आवर्तन. कालवा एकदा आखला, खोदला, बांधला. त्यावर जगणाऱ्यांच्या गरजा त्यानंतरही बदलत राहिल्या. बांधून झालेली व्यवस्था आणि बदलती गरज यांचं भांडण सरकारी योजनांत आहे, शहरांच्या आराखड्यांत आहे, पुण्याच्या संगणक कंपन्यांत तर रोजचंच आहे. या भागात ते चारीच्या काठावर, उघड्यावर चालतं. म्हणून ते इथंच ऐकावं.

संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. भाऊसाहेब पाटबंधारे खात्यातून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. नाना कालव्याच्या टेलकडचे, म्हणजे शेवटाकडचे, शेतकरी. कांदा, थोडा ऊस, आणि पाणीवापर संस्थेचे संचालक. लिलाव आटोपलाय, पट्टी नानांच्या खिशात आहे आणि दोघं चहाला बसलेत.

नाना : भाऊसाहेब, तुमच्या खात्याचं एक कोडं मला अजून सुटलं नाही. १५ ऑक्टोबरला धरणातलं पाणी बघायचं, मग रब्बीसाठी नमुना सातवर अर्ज मागवायचे, आणि त्यात आम्ही लिहून द्यायचं की कोणत्या गटात कोणतं पीक राहील. आज माझं वक्कल काय भावानं गेलं ते बघून मी उद्याची लागवड कमी-जास्त करतो. फेब्रुवारीत काय लागेल ते आधीच कुठून सांगू?

भाऊसाहेब : सांगावं लागतं, कारण धरण तेव्हाच मोजता येतं. पाऊस एकदा गेला की जूनपर्यंत त्यात भर नाही. मुळा पूर्ण भरलं तर २६ टीएमसी. त्यातला मृतसाठा वगळा, बाष्पीभवन वगळा, नगर शहराचं आणि एमआयडीसीचं पाणी बाजूला काढा. उरेल त्यावर कागदावरचं सुमारे ८० हजार हेक्टर लाभक्षेत्र. कोण काय मागतोय हे कळल्याशिवाय मी आवर्तनं किती धरू, दोन की चार?

नाना : धरा की. पण मधे बदलायची मुभा ठेवा. २०२३ साल आठवा. ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरपासून सरळ बंदीच. तेव्हा उन्हाळी कांद्याचं रोप वाफ्यात तयार होतं, काहींची लागवड चालू होती. मे महिन्यात बंदी उठली. सरकारनं आपला निर्णय पाच महिन्यांत फिरवला तर ते धोरण, आणि मी अर्जातली एक ओळ फिरवली की बेशिस्त!

भाऊसाहेब : तुम्ही कांदा सोडून हरभरा केला असता तर कुणी हरकत घेतली नसती. खात्याची तक्रार उलट्या बदलाची आहे. अर्जात हरभरा आणि वावरात ऊस. हरभरा दोन पाण्यांवर निघतो, ऊस वर्षभर उभा. एकानं केलं तर कालव्याला कळतही नाही. हेडच्या शंभर जणांनी केलं की टेलच्या चारीत धूळ उडते. म्हणजे तुमच्याच चारीत, नाना.

नाना : उडते, नाही कुठं म्हणतोय? पण हा ऊस आला कुठून? सोनईला मुळा कारखाना, भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना. दोन्ही सरकारच्या परवानगीनं उभे राहिले. पाटबंधारे खातं आठमाही पाण्याची भाषा करतं, कारखाना गाळपाची. दोघांच्या मागण्या माझ्याच वावरात येऊन भिडतात. कांद्याचा भाव बेभरवशाचा, ज्वारीला कुणी विचारत नाही, उसाचे पैसे उशिरा का होईना येतात. मी काय निवडायचं?

भाऊसाहेब : इथं मी तुमच्या बाजूचा आहे. दुष्काळी मुलखातली भुसार पिकं तगवायची, हा जुन्या आखणीचा गाभा होता. त्यानंतर कारखाने आले, शहर वाढलं, गावोगावी नळ योजना झाल्या. आणि बदल फक्त खालून येतात असंही नाही. २००३च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा नंबर होता आणि शेती तिसरी. २०११ साली शेती दुसरी झाली, उद्योग तिसरा. कालव्याचं काँक्रीट तेच, दरवाजे तेच, अग्रक्रम मात्र बदलला. कालवा चालवणाऱ्या माणसाला हे सगळं एकाच गेटवर सांभाळायचं असतं.

नाना : मग मान्य करा ना, की गरज बदलतेच. ती बदलणार नाही असं धरून नियम केला की तो मोडला जातो. तोही दिवसा मोडत नाहीत. रात्री दारं धरणारा एकटा असतो, पाटकरी तीन गावं सांभाळणारा. कालव्याच्या भरावातून नळी टाकलेली असते, मोटार लावलेली असते. तुम्ही पंचनामे केलेत, बिगरपाळीचा दंड केलात. नळ्या कमी झाल्या का?

भाऊसाहेब : नाही झाल्या.

नाना : होणारही नाहीत. अर्जात लिहायला जागा मिळाली नाही की गरज नळी टाकून येते.

भाऊसाहेब : वाक्य झकास आहे, पण त्यानं पाणी वाढत नाही. प्रत्येकाची गरज विचारली, लिहून घेतली, तरी बेरीज धरणापेक्षा मोठी येणार. कुणाला तरी नाही म्हणावंच लागेल. आणि ते आधी म्हटलेलं बरं की नंतर? हंगाम सुरू होताना नाही म्हटलं तर माणूस हरभरा पेरतो. पीक पोटरीत आल्यावर नाही म्हटलं तर त्याचा खर्च बुडतो. लवकर मिळालेला नकार स्वस्त पडतो, नाना. म्हणून मी अर्जाच्या मुदतीला जपतो.

नाना : माझा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे. तो सांगत होता, त्यांच्याकडं पूर्वी असंच होतं. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच लिहून घ्यायची, सही घ्यायची आणि वर्ष-दोन वर्षांनी प्रोग्राम हातात द्यायचा. तोवर गिऱ्हाइकाचा धंदाच बदललेला. मग २००१ साली अमेरिकेत १७ जण एकत्र बसले आणि त्यांनी जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा की आराखडा असावा, पण बदलाला तोंड देता येणं त्याहून मोलाचं. आता ते दर दोन-तीन आठवड्यांनी काम दाखवतात आणि पुढचं विचारतात.

भाऊसाहेब : पुतण्याला माझा नमस्कार सांगा आणि विचारा, की त्याच्या बदलाचा खर्च कोण भरतं? गिऱ्हाईक भरतं, नाहीतर कंपनी. दोघंही टेबलाला बसलेले असतात. कालव्यावर तसं नसतं. हेडच्या माणसानं आज मागणी वाढवली तर त्याची किंमत टेलचा माणूस भरतो, आणि ती बोलणी चालू असताना तो तिथं नसतो. शिवाय पाण्याला वाट चालावी लागते. वरचं गेट आज थोडं जास्त उचललं, तर टेलच्या चारीला त्याचा फटका काही दिवसांनी कळतो. तोवर वरच्यांचं भिजून झालेलं असतं. म्हणून इथं बदलाला मी घाबरतो. बदल वाईट असतो म्हणून नव्हे, त्याचं बिल भलत्याच्याच घरी जातं म्हणून.

नाना : हे मात्र टेलवाल्याच्या मनातलं बोललात.

भाऊसाहेब : थांबा, पुढचं कदाचित पटणार नाही. तुम्ही कालव्याचे टेल, पण खोऱ्यात तुम्ही हेड आहात. मुळेचं पाणी प्रवरेतून गोदावरीला जातं आणि पुढं पैठणच्या जायकवाडी धरणात. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं कलम आलं. मग त्या वाटपावर मेंढेगिरी गटाचा अभ्यास झाला, २०१४ साली प्राधिकरणाचा आदेश निघाला, २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल आला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३च्या नोव्हेंबरात ८.६ टीएमसी सोडायचं ठरलं, त्यात मुळेचा वाटा २.१ टीएमसी.

नाना : ते पाणी सोडायचं म्हटल्यावर आमच्याकडं केवढा संताप झाला होता, विसरलात? आमच्या धरणासाठी आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या. आराखड्यात जायकवाडीला पाणी सोडा असं कुठं लिहिलं होतं?

भाऊसाहेब : म्हणजे आता तुम्ही जुन्या आराखड्याचा दाखला देताय! मघाशी तुम्हीच म्हणत होता, आराखडा जुना झाला, गरज बघा. पैठणच्या शेतकऱ्यानं तेच म्हटलं की तुम्हाला जुना कागद आठवला. हेडच्या माणसाला तुम्ही जे ऐकवता, तेच तो तुम्हाला ऐकवतो.

*(नानांनी चहा संपवला आणि दुसरा सांगितला.)*

नाना : उत्तर सोपं नाही, कबूल. तरी त्या व्यवहारातली एक गोष्ट मला आवडली नाही असं मी म्हणणार नाही. तारीख ठरलेली आहे आणि आकडा ठरलेला आहे. दोन्ही सगळ्यांना आधी माहीत असतात. सप्टेंबरातच आम्ही जायकवाडीचा साठा बघायला लागतो आणि अंदाज बांधतो. पुढं याच वाटपाचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे समितीनं ६५चे ५८ करा असं सुचवलं. ते आमच्या सोयीचं आहे, पण मुद्दा वेगळा आहे. आकडा बदलायचा तर अभ्यास करून, उघड अहवाल देऊन, हरकती घेऊन बदलायचा. रातोरात कुणी गेट उचललं असं झालं नाही. राग आला तरी कुणावर आणि कुठं काढायचा ते कळत होतं.

भाऊसाहेब : बरोबर. म्हणजे नियम बदलण्याचाही नियम हवा, एवढ्यावर आपलं जमलं. आता मी तुम्हाला जुनी पद्धत सांगतो, माझ्या बाजूची. धुळे-नाशिककडं पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. ऊस म्हणजे सगळा फड ऊस, भुसार म्हणजे सगळा भुसार. मधेच कुणी आपलं वेगळं पीक काढायचं नाही. शेकडो वर्षं टिकली ही शिस्त.

नाना : फड तर माझ्या बाजूचा दाखला आहे! कोणत्या फडात काय घ्यायचं ते कायमचं ठरलेलं होतं का? दरवर्षी बंधाऱ्यात पाणी किती ते बघून गावकरी एकत्र बसायचे. पाणी कमी असेल तर एखादा फड त्या वर्षी पडीक ठेवायचे. फडांच्या हद्दी ठरलेल्या, पिकं दरवर्षी नव्यानं ठरणारी. पाटकरी गावाचा, पगारही गावाचा.

भाऊसाहेब : बरं, मग असं बघा. एक फड पडीक ठेवला तरी भांडण का होत नव्हतं? बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात होती म्हणून. पडीकाचा तोटा सगळ्यांत वाटला जायचा. आपल्या कालव्यावर तसं नाही. इथं एकाची सगळी जमीन हेडला, दुसऱ्याची सगळी टेलला. म्हणून तिथं जी लवचीकता चालली ती इथं जशीच्या तशी चालणार नाही. बदल सोसायला तोटा वाटून घेण्याची सोय आधी असावी लागते.

नाना : तशी सोय इथंही करता येते आणि त्यासाठी धुळ्याला जायला नको. आपल्या शेजारी चांदा आहे. मुळा उजव्या कालव्याची सात नंबरची मायनर, म्हणजे छोटी शाखा, तिथल्या श्री दत्त सहकारी पाणीवापर संस्थेनं १९८९ साली ताब्यात घेतली. सहकारी पाणीवाटपाच्या राज्यातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. मदतीला पुण्याची संस्था होती, सेंटर फॉर अप्लाइड सिस्टिम्स ॲनालिसिस इन डेव्हलपमेंट. करार असा की खात्यानं मायनरच्या तोंडाशी पाणी मोजून द्यायचं आणि पाणीपट्टी त्या मापाची घ्यायची. आत कुणी कांदा लावला, कुणी गहू, त्यात खात्यानं पडायचं नाही.

भाऊसाहेब : तो करार खात्यातल्या पुष्कळांना पचला नव्हता. पीक विचारायचं नाही म्हटल्यावर शाखाधिकाऱ्याचं काम काय उरलं? पुढं मला त्यातलं शहाणपण कळलं. हेक्टर आणि पीक बघून पाणीपट्टी घेतली की पाटकऱ्यानं प्रत्येक वावर तपासायचं, आणि प्रत्येक बदल खात्यापर्यंत यायचा. माप देऊन मोकळं झालं की मायनरच्या आतले बदल आतच मिटतात. नानानं कांदा कमी केला, त्याचं वाचलेलं पाणी शेजाऱ्यानं घेतलं, वरच्या गेटला त्याचा पत्ता नाही. बाहेरची हद्द पक्की, आत मोकळीक. तुमच्या पुतण्याच्या धंद्यातही चांगला प्रोग्राम असाच लिहितात म्हणे. एका भागात फेरफार केला तरी बाकीचे हलू नयेत.

नाना : पण तुम्हाला वाटेल मी संस्थेची जाहिरात करतोय. तसं नाही. २००५ साली शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि गावोगावी संस्था निघाल्या. कितीतरी कागदावरच राहिल्या. मायनर फुटकी ताब्यात दिली, मोजपट्टी मोडलेली, मंजूर कोटा चारीत येतच नाही. मापून मिळण्याची खात्री नसेल तर सभासद संस्थेला कशाला जुमानील? तो परत नळी टाकतो. मोकळीक हवी असेल तर आधी माप खरं पाहिजे.

भाऊसाहेब : हे एका इंजिनिअरनं म्हणायला हवं होतं, ते तुम्ही म्हणालात. वाघाडला, नाशिक जिल्ह्यात, अख्खा प्रकल्पच पाणीवापर संस्थांच्या हाती आहे. तिथं माप आणि हिशेब संस्थाच ठेवतात. जिथं माप आहे तिथं संस्था जगते.

नाना : आता मापाचंच निघालं म्हणून सांगतो. तुमच्या मापात एक गोष्ट कधीच आली नाही. आम्ही खरं पाहता पाटावर जगतच नाही, विहिरीवर जगतो. पाट वाहता असला की पाझर विहिरीला येतो. दोन आवर्तनांमधले वीस-पंचवीस दिवस विहीर निभावते. आता शेततळं आहे, ठिबक आहे. पाट पाळीनं येतो, विहीर लागेल तेव्हा देते. तुमच्या आराखड्यात जी लवचीकता नव्हती ती आम्ही आमच्या खर्चानं, कर्ज काढून, जमिनीत खोदून घेतली.

भाऊसाहेब : आणि आता पाणी वाचवायला कालव्यांचं अस्तरीकरण करायचं, चाऱ्यांऐवजी बंद नळीतून पाणी न्यायचं, अशी दिशा आहे. गळती थांबली की टेलला जास्त पोचेल. हे तर तुमच्याच फायद्याचं.

नाना : टेलच्या फायद्याचं, आणि कालव्यालगतच्या विहीरवाल्याच्या मुळावर. तुमच्या कागदावरची गळती ती त्याची विहीर. त्या विहिरीनं कधी नमुना सात भरला नाही, म्हणून ती तुमच्या हिशेबात मागणी म्हणून आलीच नाही. अस्तर झालं की तीन वर्षांनी तो माणूस मोर्चा घेऊन येईल, आणि तुम्ही म्हणाल हा नवीन काय मागतोय. मागणी जुनीच असेल, तुम्हाला नवी दिसेल.

भाऊसाहेब : *(थोडं थांबून)* हा मुद्दा मी माझ्या नोकरीत कुठल्याही अंदाजपत्रकात बघितला नाही. आम्ही गळती टक्क्यांत लिहायचो, त्या टक्क्यांत कुणाची बाग आहे हे लिहायला रकाना नव्हता. पण म्हणून अस्तर करायचं नाही का? टेलचं पाणी कायमचं पाझरू द्यायचं?

नाना : करा, पण आधी विहिरी मोजा. कुणाचं काय जाणार ते त्याला तोंडावर सांगा आणि त्याला कोट्यात हक्काचं पाणी द्या. बदल लपून झाला की विश्वास जातो. मग पुढच्या वेळी चांगलं काम घेऊन आलात तरी लोक मशीन अडवतात.

भाऊसाहेब : एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या अमेरिकन विदुषी होत्या. सामाईक पाणी, जंगलं, मासेमारी यांचा कारभार लोक स्वतः कसा करतात यावर त्यांनी जन्म घालवला. १९९० साली त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांना नियम लागू आहेत त्यांना ते बदलण्याच्या कामात भाग घेता येतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं न्यायमंडळ बसतं. शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच, तोंडी सुनावणी, लगेच निकाल. शतकानुशतकं चाललंय. युनेस्कोनं २००९ साली त्याला वारशाच्या यादीत घातलं. तुम्ही जे म्हणताय ते त्याच्या जवळचं आहे.

नाना : आमच्याकडं पंच आहेत, गुरुवार नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक होते तेव्हा मोठी माणसं असतात, लोकप्रतिनिधी असतात. आवर्तन कधी सुटणार ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. टेलच्या संस्थांचा माणूस त्या टेबलावर नेमानं बसला पाहिजे.

भाऊसाहेब : प्रत्येक चारीचा माणूस बोलावला तर बैठक संपणार नाही आणि हंगाम संपेल.

नाना : प्रत्येक चारीचा नको. हेडचा, मधला आणि टेलचा, तिघांचे निवडून दिलेले. एवढ्यानं बैठक लांबत नाही.

भाऊसाहेब : चालेल. मग माझ्याही अटी ऐका. पहिली, हंगामात मागणी कमी करायला कुणाची परवानगी नको. कांदा कमी केला, पाणी सोडलं, तर ते मायनरच्या खात्यात जमा. दुसरी, वाढवायची असेल तर वरून मिळणार नाही. त्याच मायनरच्या कोट्यातून, शेजाऱ्याच्या संमतीनं. तिसरी, मायनरा-मायनरांतली अदलाबदल आवर्तनाच्या मधे कधीच नाही, दोन आवर्तनांच्या मधे. आणि पाणी टेलकडून हेडकडं द्यायचं. टेलचं आधी भिजलं की हेडवाल्याचा हावरटपणा आपोआप कमी होतो, कारण त्याचं राहिलेलं असतं.

नाना : शेवटची अट तर मीच घातली असती. दुसरीला मात्र पुरता तयार नाही. अवकाळी झाला, गारपीट झाली, एका मायनरची पिकं गेली आणि दुसरीची जगवायची आहेत. तेव्हा त्याच मायनरच्या कोट्यात कसं भागणार?

भाऊसाहेब : आपत्तीला वेगळा दरवाजा ठेवा. पण तो उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडं नको, आणि उघडला की त्याच आठवड्यात कारण आणि आकडा फलकावर लागला पाहिजे. नाहीतर दर आवर्तनाला कुणाची ना कुणाची आपत्ती निघते.

नाना : फलकाचं पटलं. कुणाकडं अधिकार, यावर आपलं भांडण राहिलं.

भाऊसाहेब : राहू द्या. पुढच्या हंगामाआधी मिटवू.

---

हे भांडण पूर्ण मिटलं नाही, ते ठीकच झालं. दोघांच्या बोलण्यातून जे हाती लागतं ते कालव्याबाहेरही उपयोगी आहे. बाजार, हवामान, कायदा आणि शेजारचा तालुका यांपैकी कुणीही आपल्या आराखड्याला विचारून बदलत नाही, त्यामुळे गरज बदलू नये असा हट्ट चालत नाही. पण कुणीही, केव्हाही, दुसऱ्याच्या वाट्यातून गरज बदलावी ही मुभाही चालत नाही. जो बदल मायनरच्या आत सोसता येतो तो मायनरच्या आतच, लगेच आणि परवानगीशिवाय व्हावा. जो दुसऱ्या मायनरला भोवतो तो आवर्तनांच्या मधल्या बैठकीत, ज्याला भोवतो त्याच्या समोर व्हावा. जो दुसऱ्या जिल्ह्याला भोवतो त्याला ठरलेली तारीख, जाहीर आकडा आणि हरकतीची जागा असावी. मोजता न आलेल्या गरजा, म्हणजे पाझरावरच्या विहिरींसारख्या, आधी शोधाव्यात. नाहीतर सुधारणा म्हणून केलेल्या कामातून त्या अचानक वर येतात. नवी संगणक प्रणाली गावात आणणाऱ्या अधिकाऱ्यालाही हेच प्रश्न विचारता येतील. हा बदल कुणी मागितला, त्याचा खर्च कोण सोसणार, आणि तो सोसणारा बैठकीत होता का?

मुळा लाभक्षेत्रातल्या वाचकांना एवढीच विनंती, की रब्बीचा अर्ज नुसता सहीसाठी भरू नका. खरं पीक लिहा, विहीर असेल तर तीही सांगा, आणि पाणीवापर संस्थेच्या हंगामापूर्वीच्या सभेला स्वतः जा. पाळी सुटण्याआधी बोललेली गरज वाटपात धरता येते. पाळी सुटल्यावर बोललेली गरज भागते ती टेलच्या माणसाच्या पाण्यातून.